पापुद्रा

डेल यास,

थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी परत येऊ का, असं विचारलंयस. आधी माझ्या डोळ्यांचं ऐक.

चष्मा घालवायचे दोन मार्ग आहेत, असं इथल्या विनिपेगच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एकात बुबुळावरचा पातळ पापुद्रा उचलतात, लेझर मारतात आणि तो परत बसवतात. दुसऱ्या दिवशी लख्ख दिसतं. दुसऱ्यात पापुद्रा नसतो, पण आठवडाभर डोळे चुरचुरतात.

"मग पहिलंच करा की," मी म्हटलं.

"थांबा. तो पापुद्रा पूर्वीइतका घट्ट कधीच बसत नाही. तोंडावर ठोसा बसला तर सरकू शकतो. बॉक्सिंग वगैरे करता का?"

"छे हो! शाळेची बस चालवते मी."

त्या हसल्या. मला लग्न झाल्यापासून तू फोडलेले चार चष्मे आठवले. दर वेळी मी चष्म्याच्या दुकानात 'बसच्या दारावर आपटले' असं सांगायचे. शेवटी दुकानदार हळूच म्हणाला, "बाई, ती बस तरी बदला."

हे पत्र मी टाकणार नाहीये. तुला 'येऊ नकोस' एवढंच कळवीन, कारण द्यायला मी बांधील नाही.

शस्त्रक्रिया मंगळवारी आहे. पापुद्र्याचीच करा म्हणून सांगितलंय.

मार्लीस