बरकतीची सही

३ मार्च

चि. धाकटीस, दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन बंद लागतो म्हणून पत्र. काल कारखान्यात तीन सरकारी माणसं आली. नीट बोलली, पण चहाला शिवली नाहीत. परक्या देशातल्या लढाईला माल पुरवणाऱ्यांची यादी निघाली आहे, त्यांची खाती-घरं सगळी गोठवली. यादीत आपली फवारणी पंपांची इंजिनं विकणारी कंपनी आहे आणि मालकीण म्हणून तू. माझं नाव कुठेच नाही. मालकीण कोण, तर जिला घरच्या मिक्सरचं बटण सापडत नाही!

चूक माझी. पहिली पत्र्याची शेड टाकली तेव्हा कागदावर तुझी सही घेतली आणि महिन्यात धंदा लागला. तेव्हापासून नवं काही काढलं की पहिली सही धाकटीची, हा माझा नेम. कागदाचा घोळ कागदानेच सुटतो, घाबरू नकोस. मेहुण्यांच्या ऑपरेशनची तारीख हलवू नका, पैसे मी पाठवतो.

तुझा दादा


११ मार्च

ती. दादास, धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार.

बिल भरता येत नाही म्हणून फोन बंद. पैसे मुळीच पाठवू नकोस. यादीतल्या माणसाला कुणी काही दिलं तर देणाऱ्यावर गुन्हा, मग तो सख्खा भाऊ का असेना, असं बँकेतल्या बाई म्हणाल्या. ह्यांचं खातं माझ्याशी जोडलेलं, तेही बंद. हॉस्पिटलने तारीख दुसऱ्याला दिली. खास परवानगीचा अर्ज केलाय, उत्तराला तीन महिने. हृदयाची झडप तेवढी थांबायची नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. हे म्हणतात, बायको शस्त्रांची व्यापारी निघाली, आता भांडताना जपून राहायला हवं. हसता हसता दम लागला.

शेजारीण भाजी घेऊन आली आणि दारातच विचारू लागली, एवढी भाजी दिली तर चालतं ना गं.

एक विचारते. यादीसोबतच्या कागदात लिहिलंय की ती इंजिनं फवारणीच्या पंपात नाही, बॉम्ब घेऊन उडणाऱ्या यंत्रांत सापडली. एक तर भर बाजारावर पडलं. तुला ठाऊक होतं का? रस्त्यावरून गेलेल्या गाडीचा कुठला नट ढिला आहे, ते तू घरात बसून सांगतोस.

तुझी धाकटी


१९ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

उत्तर टाळणारे दोन कागद फाडले. ठाऊक होतं. सांगितलं कुणीच नव्हतं, पण नव्या मापाचं पहिलं इंजिन टेबलावर सुरू केलं तेव्हाच कानाला कळलं. फवारणीला एवढा वेग लागत नाही. हे जमिनीवर राहणारं नव्हतं. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. मी बटण बंद केलं आणि म्हटलं, ऑर्डर चांगली आहे.

काल यादी काढणाऱ्या कचेरीत जाऊन सांगितलं, खरा मालक मी, तिला यातलं काही माहीत नाही. साहेबाने शांतपणे लिहून घेतलं. तुमचं नाव चढायला आठवडा लागेल, म्हणाला. तिचं उतरायला किती, विचारलं. तो अर्ज तिचा तिने करायचा, वर्षभर धरून चाला. बोलून कुठलंही दार उघडतं, या समजुतीवर मी जगलो. त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं, बाहेर जायचं.

तुझा अपराधी दादा


२ एप्रिल

ती. दादास नमस्कार.

तुझं नाव आल्याचं कळलं. आता आपल्याला एकमेकांना काहीच देता येणार नाही.

नाव उतरवायचा अर्ज समोर आहे. त्यात लिहायचंय की या धंद्याचा मला कधीही लाभ झाला नाही. हे घर, लेकीचं लग्न, ह्यांचं पहिलं ऑपरेशन, सगळं तूच केलंस. तरी सही करणार आहे. आजवर तू बोट ठेवशील तिथे न वाचता करत आले. ही पहिलीच वाचून करते, आणि हीच खोटी.

हे पलीकडच्या खोलीत झोपलेत. श्वासाचा आवाज इथवर येतो. तू असतास तर ऐकून सांगितलं असतंस, किती दिवस. नाहीस तेच बरं.

लोभ आहेच. त्याचं काय करू, ते कळव.

तुझी धाकटी