झाड नंबर ३१७ वरील झोका शुक्रवारपूर्वी न उतरविणेबाबत

प्रति,
मेहेरबान असिस्टंट इंजिनियर साहेब,
रस्ते व सरकारी झाडे,
मुक्काम धुळे, जिल्हा पश्चिम खानदेश.

अर्जदार : शालिग्राम चिंधा पाटील, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा शेती व पोलीस पाटीलकी, राहणार मौजे देवखेडे, सोनगीरनजीक.

विषय : सरकारी कडुनिंब नंबर ३१७ यास बांधलेला आखाजीचा झोका अर्जदाराच्या बाळंतीण मुलीची बारी होईपर्यंत राहू देणेबाबत.

संदर्भ : आपल्याकडील नोटीस, तारीख ६ जून १९३४ (अर्जदाराने अर्जदारावर बजावलेली).

महोदय,

१. आपली नोटीस बुधवारी पोचली. तीत लिहिले आहे की, आग्रा रोडच्या कडेच्या सरकारी कडुनिंबास "अनधिकृत दोरखंड, फळी व बायामाणसे टांगलेली" आढळली. तरी गावच्या पोलीस पाटलाने झोका टांगणाऱ्या इसमाचा शोध घ्यावा, त्याजवर नोटीस बजावावी, आणि सात दिवसांचे आत झोका उतरवून तसे कळवावे. हुकमाप्रमाणे मी तत्काळ शोध घेतला. झोका टांगणारा इसम मीच निघालो. सबब पोलीस पाटील या नात्याने मी स्वतःवर नोटीस बजावली, सही घेतली, आणि इसमाचे म्हणणे ऐकून घेतले. ते मला पटले.

२. साहेब देशावरचे असून खानदेशात नवीन आहेत असे ऐकतो, म्हणून खुलासा करतो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि गावात झोके बांधतात. वर्षभर सासरी खाली मान घालून राहिलेली पोर त्या दोन-चार दिवसांत झोक्यावर उभी राहून गाणी म्हणते, सासूचा उद्धार करते आणि मोकळी होऊन परत जाते. आमच्या गावची आणखी एक रीत अशी की, गावात आलेल्या प्रत्येक लेकीची बारी, म्हणजे झोक्यावरची पाळी, झाल्याशिवाय दोर सोडायचा नाही. ही रीत कोणी लिहून ठेवलेली नाही, पण आजवर कोणी मोडलेलीही नाही.

३. यंदा माझी मुलगी कमल, पिंपळनेरचे जीवराम यांची पत्नी, पहिल्या बाळंतपणासाठी घरी आली होती. आखाजीच्या आठ दिवस आधी तिला मुलगा झाला. आम्ही पेढे वाटले. पेढे संपायच्या आत पोरीचे बोलणे बंद झाले. दूध पाजायला मूल दिले तर पाजी, पण त्याच्याकडे पाहत नसे. अन्न नाही, झोप नाही, डोळ्यांतून मात्र धार. एकदा आईला एवढेच म्हणाली की, हे मूल तुम्हीच ठेवा, मला त्याचे काहीच वाटत नाही. बाराव्या दिवशी बारशाला बायका जमल्या आणि बाळाचे नाव विचारले, तर तिने भिंतीकडे तोंड फिरवले. बारसे तसेच राहिले. तेव्हापासून बाळाला घरात सगळे "पाहुणा" म्हणू लागले.

४. येथे अर्जदार आपली चूक कबूल करतो. पंचवीस वर्षे पोलीस पाटीलकी केल्यामुळे मला संकटावर एकच उपाय ठाऊक आहे, तो म्हणजे बंदोबस्त. कोणी म्हणाले, बाहेरचे लागले आहे, कोणाची सावली पडू देऊ नका. मी बाळंतिणीच्या खोलीचे दार लावले, खिडकीला पोते ठोकले, भगताकडून दोरा आणला आणि गावचा जागल्या वना याला काठीसह दाराशी बसवला. गावची एकही बाई आत जाऊ शकली नाही. माझ्या हयातीत एवढा चोख बंदोबस्त मी दुसरा केलेला नाही. पोर त्या अंधारात दिवसेंदिवस सुकत गेली आणि मी बाहेर ओट्यावर बसून बंदोबस्त पाहत होतो. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि ती वाटली पाहिजे.

५. अखेर माझी पत्नी मंजुळाबाई, जी लग्नापासून मला उलट बोललेली नव्हती, ती वनाची काठी हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बठ्ठा दारे उघडा. मनी पोर काय चोर शे?" सगळी दारे उघडा, माझी पोर काय चोर आहे, असा तिचा सवाल. काठी तिच्या हातात असल्याने व प्रश्न रास्त असल्याने मी दारे उघडली. खिडकीचे पोतेही काढले. माझे घर रस्त्याच्या कडेलाच आहे. खिडकी उघडताच खाटेवरून समोर जे दिसले, ते झाड नंबर ३१७ आणि त्यावरचा रिकामा झोका. बाकीच्या लेकी तोवर सासरी गेल्या होत्या. एका कमलसाठी दोर राहिला होता.

६. दुसऱ्या दिवसापासून बायका येऊ लागल्या. हे दिवस बिबड्यांचे, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचे, असल्याने पोळपाट-लाटणी घेऊनच आल्या आणि कमलच्या खाटेभोवती बसल्या. कोणी तिला, बाई बोल, बाई हास, असे म्हणाले नाही. एकीने बाळ घेतले आणि तिला दोन तास निजू दिले. एकीने वेणी घातली. दुपार कलली की त्यांतल्या दोघी-चौघी झाडाखाली जाऊन झोका घेत, म्हणजे खाटेवरून तिला दिसावे. साहेब, या सगळ्या गावच्या सुना. सासरच्या गावात सुनेने झोक्यावर चढावे ही आमच्याकडे ऐकिवात नसलेली गोष्ट. पण लेकी नाहीत, तर झोका हलवणार कोण, असा सवाल करून त्या चढल्या. आणि एकदा चढल्या त्या उतरायला तयार होईनात. साठी उलटलेली सुईण ठगूबाई पहिल्या दिवशी भीत भीत बसली. आता तिला बारी मिळायला उशीर झाला तर ती भांडते.

७. बिबड्या लाटता लाटता ठगूबाईने सांगितले की, "माले बी असंच व्हयेल व्हतं," म्हणजे मलाही असेच झाले होते, आणि आपल्याला दुसऱ्या खेपेला विहिरीकडे पाहवत नसे, सारखी ओढ लागे, हे ती उघड बोलली. मग गावातल्या निंबाची बायको बोलली, मग तिची सासू. शेवटी मंजुळाबाई म्हणाली की, थोरल्या मुलाच्या वेळी मीही महिनाभर त्याच्याकडे पाहिले नव्हते, माझ्या आईने मला रोज मळ्यात नेऊन बसवले म्हणून मी माणसांत आले. साहेब, हा थोरला मुलगा आज सव्वीस वर्षांचा आहे. माझ्याच घरात घडलेली ही गोष्ट मला सव्वीस वर्षांनी, तीही खिडकीबाहेर उभे राहून चोरून ऐकताना समजली. गावात कोणाची शेळी हरवली तरी रात्रीच्या आत मला खबर लागते, असा माझा लौकिक आहे.

८. असे चारपाच दिवस गेले. रविवारी, ३ जून रोजी, झोका वर गेला असता कमलने खाटेवर उठून बसून आईला विचारले, "मनी बारी कव्हय येई?" माझी बारी कधी येईल, एवढेच. पण अनेक दिवसांत पोरीने आपणहून काही मागितलेले हे पहिलेच होते. मंजुळाबाईच्या हातातले लाटणे गळून पडले आणि मी गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर डोके ठेवून रडलो. हे प्रकरणात लिहिण्याजोगे नाही, तरी खरे आहे म्हणून लिहिले. ठगूबाईने मात्र सक्त हुकूम दिला की सव्वा महिना पुरा झाल्याशिवाय ओल्या बाळंतिणीने झोक्यावर बसायचे नाही. सव्वा महिना येत्या शुक्रवारी, १५ तारखेस पुरा होतो. कमल आता दिवस मोजते, दोन घास जास्त खाते, ओट्यापर्यंत चालून पाहते. आणि साहेबांच्या नोटिशीची मुदत बुधवारी, १३ तारखेस संपते.

९. आता आपल्या आक्षेपांची उत्तरे.

(अ) "फांदी मोडण्याचा संभव." याबाबत रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून निंबा व लीलाधर यांस बसवून पाहिले. फांदी मजबूत आहे. पंच निंबा याने खात्री होण्यास वेळ लागतो असे सांगून दीड तास झोका घेतला व सही करण्यासाठीही खाली उतरला नाही. त्याची सही हलणारी आहे ती याच कारणाने.

(आ) "मोटारींच्या रहदारीस अडथळा." धुळ्याहून शिरपूरकडे जाणारी मोटार येथे हळू होते हे खरे आहे. परंतु त्यास झोका कारण नसून ड्रायव्हर कारण आहे. बायकांनी त्याच्यावर गाणे रचले असून रोज एक ओळ वाढवतात, आणि आजची ओळ कोणती हे ऐकल्याशिवाय तो पुढे जात नाही. त्यास समज द्यावी.

(इ) "झाडाखाली बैलगाड्या उभ्या राहतात." होय. ही गोष्ट गावाबाहेर गेली आहे. सोनगीरहून एक शेतकरी आपल्या बाळंतीण बायकोला गाडीत गादी घालून घेऊन आला. ती गरोदरपणापासूनच गप्प होती म्हणे. परवा आणखी दोन गाड्या आल्या. नवरे झाडाखाली बसतात. त्यांनी नुसते बसू नये म्हणून ठगूबाईने त्यांच्या मांडीवर एकेक मूल दिले आहे. त्यांपैकी एक जण मूल भिजल्याबरोबर गाडी जुंपून पळाला, त्यास मी पोलीस पाटील या नात्याने परत आणला.

(ई) "झोका अन्य खाजगी झाडास बांधावा." प्रयत्न केला. माझ्या मालकीची झाडे तीन. चिंचेचे झाड खाटेवरून दिसत नाही. बाभळीला बसण्यास कोणी राजी नाही. तिसरे पपईचे आहे.

१०. इतक्यावरही साहेबांस अडचण असेल तर अर्जदार पुढील तोडगे सुचवतो. झाड नंबर ३१७ याची शुक्रवारपर्यंत रजा मंजूर करावी, म्हणजे त्या दिवसांपुरते ते सरकारी चाकरीत नाही असे धरता येईल. किंवा झोका जप्त करावा आणि जप्त केलेला माल नेहमीप्रमाणे पोलीस पाटलाच्या ताब्यात, आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत ठेवावा. किंवा साहेबांनी शुक्रवारी स्वतः येऊन पाहावे आणि मग हवा तो हुकूम द्यावा. येताना घरच्या मंडळींस आणल्यास त्यांनाही बारी मिळेल. आपल्या मातोश्री हयात असल्यास हा अर्ज त्यांना एकदा वाचून दाखवावा आणि त्या काय म्हणतात तेच प्रमाण धरावे, याला माझी तयारी आहे.

११. पोर बरी झाली असे मी म्हणत नाही. काल पुन्हा ती दुपारभर भिंतीकडे तोंड करून निजली होती. ठगूबाई म्हणते असे दिवस येतील, येऊन जातील, फक्त तिला एकटी सोडू नका. पूर्वी मी भगताचे ऐकले, आता ठगूबाईचे ऐकतो. पण शुक्रवारी ती ओट्यावर आली आणि झाडाला दोर नसला, तर मी तिला काय सांगू? सरकारला तुझी बारी मंजूर नाही, हे तिच्या बापाने तिला सांगायचे आहे. ते माझ्याने होणार नाही. त्यापेक्षा पोलीस पाटीलकीचा पट्टा परत घ्यावा, मी तो धुऊन तयार ठेवला आहे.

१२. सबब विनंती की, झोका किमान शुक्रवार संध्याकाळपर्यंत राहू द्यावा. आणि पुढे गावात किंवा शेजारच्या गावात कोणी बाई अशी गप्प झाली, तर तिची बारी होईपर्यंत तो बांधण्याची कायम परवानगी असावी. फांदीची काळजी गाव घेईल. बाईची काळजी आता गावाला घेता येऊ लागली आहे.

आपला हुकूम शिरसावंद्य मानणारा, मात्र बुधवारी न पाळणारा,

शालिग्राम चिंधा पाटील
पोलीस पाटील, तथा नोटीस बजावलेला इसम
मुक्काम देवखेडे, सोमवार, तारीख ११ जून १९३४

सोबत :
१. पंचनामा, एका हलत्या सहीसह.
२. नोटीस पोचल्याची माझी मला दिलेली पावती.
३. बिबड्यांचे पुडके. ही लाच नव्हे. झाडाखाली काय चालते याचा पुरावा आहे. तळून पाहावा.

साक्षीदार :
ठगूबाई, सुईण — निशाणी अंगठा
मंजुळाबाई शालिग्राम पाटील — निशाणी अंगठा
कमलबाई जीवराम, लोटनची आई — सही दस्तुरखुद्द

ता. क. : तिसरी साक्षीदार मराठी चौथीपर्यंत शिकलेली आहे. दोघींचे अंगठे होत असता ती ओट्यावर आली, अर्ज सगळा वाचला, बाळ मांडीवर घेतले आणि दौत मागितली. ती सही वाळल्यानंतरच मी ती वाचली. बाळाचे नाव लोटन ठेवले आहे, हे आम्हा घरच्यांनाही वरील सहीवरून समजले. सबब अर्जावर हुकूम काहीही झाला, तरी हा मूळ कागद दप्तरी न ठेवता अर्जदारास परत मिळावा.