दाराआडचा आकडा

मंगळवार संध्याकाळ, राळेगाव

मी अजून चिडलेलीच आहे. मामाजींवर की माझ्यावर, ते कळत नाही.

गाडीचे चारही टायर बदलायचे होते. दुकानात रफीकभाईंनी साइज विचारली. मामाजी म्हणाले, "जुन्यावर लिहून हाय ना. तेच टाका." मी ड्रायव्हरचं दार उघडून सहज धूळ पुसली, तर खाली कंपनीचं स्टिकर. त्यावर १७५/६५. आमच्या टायरवर १८५/७०.

म्हणजे लग्न होऊन आल्यापासून ऐकते तो खर्र आवाज यामुळे. स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की टायर आत घासतो. वावराच्या रस्त्यावर गाडी खाली टेकू नये म्हणून मामाजींनी मोठे टायर टाकले, आणि मला शिकवताना सांगितलं, "सूनबाई, हिले पूर्ण वळवायचं नाही. हिचा स्वभावच हाय तसा." म्हणून आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकदम न वळता आम्ही सगळे पुढच्या चौकातून फिरून घरी येतो; मी विसरून वळवलं की खर्र.

स्टिकर दाखवलं तर म्हणाले, "कंपनीले आपला वावराचा रस्ता मालूम हाय काय?"

रफीकभाईंनी मला विचारलं, "भाभी, कोणते टाकू?"

आता गाडी मीच चालवते. शाळेत मी जाते, दवाखान्यात मामाजींना मीच नेते. एक आकडा सांगायचा होता फक्त. मी म्हणाले, "मामाजी म्हणतात तेच." काहून म्हणाले मी तसं?

येताना गल्लीच्या तोंडाशी खर्र झालंच नाही. हात आपोआप अर्ध्यावर थांबले, आणि मी गाडी सरळ चौकाकडे नेली.

शेजारून मामाजी समाधानानं म्हणाले, "आता बराबर शिकली तू."