घारे डोळे

मार्गशीर्ष वद्य पंचमी, नंदुरबार

आज अंगणात मिरच्या निवडताना लाल ढिगात एक पिवळी निघाली. लाल झाडांचं बी, मग ही पिवळी कशी, मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "बी मा दपेल ऱ्हास वं. मन्हा बापना डोया घारा व्हतात, आम्हना कोनाच नहीत." म्हणजे गुण बियात दडलेला राहतो, त्यांच्या वडिलांचे डोळे घारे होते. एवढं बोलून त्या घाईघाईनं सूप उचलून आत गेल्या.

माझ्या सुमनचे डोळे घारे. ती जन्मली तेव्हा "आमच्यात असे डोळे नाहीत" म्हणणाऱ्या याच. ह्यांनी ते खरं मानलं. लेकीला मांडीवर न घेताच घर सोडून गेले.

आईबापांत न दिसणारा गुण दोघांत लपलेला असतो, लेकरात उगवतो, हे मी वाटाण्यांवरच्या प्रयोगांच्या पुस्तकात वाचून मनाची समजूत घालत होते. सासूबाईंना तर ठाऊकच होतं. बापाचे डोळे कोण विसरतं?

पिवळी मिरची मात्र त्यांनी बियाण्यासाठी जपून ठेवली.