शेवाळावरच्या रेघा

१० जाने.
नगरला कॉलेजच्या हॉलमध्ये प्रदर्शनासाठी फोटो टांगून आले. माझा एकच. मे महिन्यात पाथर्डीकडच्या लग्नाहून परतताना रस्त्यालगतच्या शेततळ्यात काढलेला. तळं आटत आलेलं, उताराच्या काळ्या प्लास्टिकवर शेवाळ, त्यात फिकट लांब रेघा. उन्हं तिरपी. काठ, आभाळ, सगळं फ्रेमबाहेर ठेवलं.
आयोजक जोशीसर म्हणाले, "मॅडम, खाली दोन ओळी द्या. लोक विचारतात, हे आहे काय?"
म्हटलं, विचारू देत. झाडाखाली कुणी अर्थ लिहून ठेवतं का?
नवरा तरी माझी बाजू घेईल वाटलं. सुधीर म्हणे, "मलाही नाही कळला." बरं.

१२ जाने.
एका दातांच्या डॉक्टरांना तो दवाखान्यात लावायला हवाय. "बघितलं की शांत वाटतं." भिंगारला घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

१३ जाने.

दुपारी एक नर्स आली, ड्युटीवरून थेट. पंचविशीची. लता नाव. फोटोपुढे इतकी उभी राहिली की मी आपण होऊन जवळ गेले. खूश होते.
"कुठं काढला, ताई?"
सांगितलं.
"वळणावरचं तळं? डाळिंबाच्या बागेला लागून?"
हो म्हटलं.
"ते माझ्या बहिणीच्या सासरचं हाय. मंगल. मागच्या उन्हाळ्यात त्यातच गेली ती."
मग बोट न लावता, हवेतच, रेघांवरून हात खाली आणला. चार बोटं.
"सासरचे म्हणले, उडी घेतली. गाव पण तेच म्हणतं. पण जीव द्यायला गेलेली बाई वर यायला बघंल का? बघा ना तुमी."
 तिला खुर्ची दिली, नंबर घेतला.

१४ जाने.
संक्रांत. आम्ही ख्रिस्ती, तरी पोळ्या दरवर्षी करतेच. गुळाच्या पोळ्यांची कणीक मळायला घेतली. परातीत बोटांच्या रेघा उठल्या. झाकून ठेवली. सुधीरला म्हटलं, यंदा पोळ्या विकतच्या आण. का तेही सांगितलं, लताचं सगळं.

१५ जाने.
त्या दिवशीचे सगळे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले. रेघा कुठे चार-चार, कुठे तीन. एका ठिकाणी नुसता घसरल्याचा पट्टा. मंगल गेली त्यानंतर पंधरवड्याच्या आतच मी तिथे होते, लताने सांगितलेल्या दिवसांवरून. पाणी तोवर खाली गेलं होतं.
सुधीर मागे उभा राहून बराच वेळ बघत होता. हळूच म्हणाला, "कुत्रंही असेल गं. अशा तळ्यांत पडतात. कुत्र्याच्या पंजालाही चारच नखं."
तो खोटं बोलत नव्हता. मला त्याचा राग आला.

१६ जाने.
लताचा फोन. सासरच्यांनी मंगलची पोरगी आजीकडे, म्हणजे लताच्या आईकडे, आणून सोडलीय. शाळेत पोरं तिला म्हणतात, तुझी आई तुला टाकून गेली.
"ताई, फोटोखाली फक्त एवढंच लिवा. ती वर यायला बघत हुती. नाव नका घालू पायजे तर."
बघते म्हटलं.
मीच ना, फोटोला शब्द लागत नाहीत म्हणणारी? आणि शब्द लिहिले, न् ते कुत्र्याचे पंजे निघाले तर? नाही लिहिले, तर दातांच्या दवाखान्यात लोक त्यापुढे शांत बसणार.

१७ जाने.
जोशीसरांना सांगितलं, फोटो उतरवते. का ते सांगावं लागलं. सांगायला नको होतं.
"अहो, आता तर लिहाच! केवढी गोष्ट आहे ही. पेपरवाल्यांना बोलावतो."
त्यांचा चेहरा उजळला होता. फोटो काढून जुन्या साडीत गुंडाळला आणि निघाले.

१९ जाने.
चर्चमध्ये लक्ष लागलं नाही. पुढच्या बाकावरच्या बाईचे ओले केस, कंगव्याच्या रेघा. उठून बाहेर आले.

२१ जाने.
लताबरोबर एस.टी.ने पाथर्डी, पुढे जीपने तिच्या माहेरी. फोटो बरोबर.
आई ओसरीत तुरी पाखडत होती. पोरगी शाळेत गेलेली. बरं झालं. लताने फोटो भिंतीला टेकवून उभा केला, आईला समजावलं. आई जवळ सरकून बसली. रडली नाही. काचेवर पंजा टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला.
लता माझ्याकडे बघत होती. "सांगा ना ताई. बोटंच हायती ना?"
"मला नाही सांगता येणार, लता. खरंच नाही."
तिचा चेहरा पडला. आई मात्र फोटोकडेच बघत म्हणाली, "तुमी तितं हुत्या बाई. आमाला तर कुनी जाऊ पन दिलं न्हाई. तवा तुमाला काय दिसलं?"
खोटं बोलायचं नव्हतं. म्हटलं, "मला सुंदर दिसलं."
आईने पदर तोंडावर घेतला. मग मान हलवली.
"व्हय. लई देखनी हुती माझी मंगल."
मी रेघांबद्दल बोलले होते, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. चहा आला. बशीत ओतून प्याले. फोटो तिथेच राहिला. आईने त्यावर टॉवेल टाकला, धूळ बसू नये म्हणून.
पाथर्डीच्या स्टँडवर लता सोडायला आली. गाडी लागली तेव्हा तिने माझा दंड धरला. "आईला सांगितलं तसं, सुंदर दिसलं म्हून, पोरीला बी सांगाल? येऊन? तुमचं ऐकंल ती."
कंडक्टरने बेल मारली. मी पायरीवर होते. लता खालून वर बघत होती, आणि मी म्हटलं, "येईन." तिला काय सांगेन ते अजून ठरलेलं नाही.