कडू घास

३ नोव्हेंबर

आले बाई एकदाची! दिघीत कुशाबाईंच्या घरावरची खोली मिळाली. खिडकीतून लष्कराच्या हद्दीतल्या बाभळी दिसतात आणि डोक्यावरून विमानं जातात, त्यामुळे निम्मं बोलणं हवेत विरतं. कुशाबाई इथल्याच, जुन्या घरच्या. त्यांनी काम विचारलं. विमानतळावर, म्हटलं, तर म्हणाल्या, इमान चालवती व्हय? म्हटलं, नाही हो, मी नुसता चहा पिते. खोटं नाही ते! तिथल्या दुकानांत, हॉटेलांत साधं गिऱ्हाईक बनून जायचं, काहीतरी खायचं-प्यायचं, आणि कर्मचारी कसे वागले त्याचा फॉर्म गुपचूप एजन्सीला पाठवायचा. अंबाजोगाईला आईला फोन केला, तर ती पोट धरून हसली. म्हणे खायचा पगार मिळतो, मग मला का नाही नेलंस, मिनल?

७ नोव्हेंबर

चार दुकानं झाली. रिकामी बॅग ओढत ऐटीत हिंडते. चहा किती मिनिटांत आला, बिल दिलं का, हसले का, सगळं मोबाईलमध्ये टिपते. आज एक पोरगी इतकं ठरवून हसली की माझेच दात दुखायला लागले. तिला पैकीच्या पैकी दिले. मजा आहे बुवा या नोकरीत.

११ नोव्हेंबर

आजच्या फॉर्मवर ‘दुःखी प्रवासी’ होतं. रडत जायचं आणि कोण कसं वागतं ते बघायचं. मला खोटं रडू येत नाही. मग मनाशी म्हटलं, समज, आई गेली. तसं म्हटलं मात्र, खरंच भडभडून आलं.

चहाच्या काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई होत्या, छातीवर नावाची पट्टी, सावित्रीबाई. काय झालं विचारलं. आई गेली, म्हटलं. त्या काउंटर सोडून बाहेर आल्या, माझ्याशेजारी टेकल्या, रुमालानं माझं तोंड पुसलं. पोटात काही आहे का, म्हणाल्या. मग स्वतःचा डबा आणला. स्टीलचा, झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. भाकरी-पिठल्याचा घास करून माझ्या तोंडाशी धरला. म्हणाल्या, घे पोरी, मेल्यामागं जित्यानं खावं लागतं. मी खाल्ला. नाही कशी म्हणणार, नाटक मोडलं असतं.

१२ नोव्हेंबर

फॉर्म भरला. कर्मचाऱ्यानं काउंटर सोडला का? हो, सात मिनिटं. बाहेरचं अन्न गिऱ्हाइकाला दिलं का? हो. बोट जरा अडखळलं, पण खरं तेच लिहायचं ना? खाली शेऱ्याची जागा होती. बाई फार मायाळू आहेत, एवढं लिहिता आलं असतं. घाईत रिकामी सोडली. घाई कसली होती, देव जाणे.

१५ नोव्हेंबर

सावित्रीबाईंच्या जागी नवी मुलगी. बाहेरचं अन्न दिलं म्हणून त्यांना परवाच काढलं, असं तिनं सांगितलं. माझा चहा तसाच राहिला.

घरी येऊन कुशाबाईंपाशी सगळं ओकले. त्यांना नोकरीचं काही वाटलं नाही, घासाचं वाटलं. हातातलं सूप खाली ठेवलं. माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, भावकी नाहीतर शेजारी भाकरी आणून घास भरवतात, त्याला कडू घास म्हणतात. अगं, जित्या आईच्या नावचा कडू घास खाल्लास? आता त्या घासाला माणूस लागनार, म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं. पण हसू काही नीट आलं नाही.

१७ नोव्हेंबर

आईचा फोन. तिच्या तोंडाला कडू लागतंय. भात कडू, पाणीसुद्धा कडू. दोन दिवस जेवली नाही. पित्त असेल, म्हणाली. मीही म्हटलं, पित्तच गं.

१९ नोव्हेंबर

भर दुपारी दारात डबा. झाकणावर कोरलेलं — सावित्रीबाई. आत भाकरी, पिठलं. भाकरी ऊन होती. कुशाबाई सकाळपासून जिन्याच्या तोंडाशी डाळ निवडत बसल्या होत्या. कोणी वर गेलं न्हाई म्हणतात.

मी ते खाल्लं नाही.

२० नोव्हेंबर

काउंटरवरच्या मुलीकडून पत्ता घेतला. चाकणपलीकडचं गाव. पाय धरीन, सगळं सांगीन, एजन्सीशी भांडेन, असं ठरवून डबा घेऊन गेले. दारात त्यांची सून पुनम. सासूबाई चौदा तारखेला गेल्या, म्हणाली. कामावरून काढलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, छातीत कळ आली. शेवटपर्यंत एकच घोकत होत्या: ती आई गेलेली पोर एकटी हाय, तिला घास कोन देत असंल?

मग पुनमनं माझ्या हातातला डबा पाहिला. तो त्यांच्याबरोबर सरणावर ठेवला होता, म्हणाली. मी कोण, विचारलं तिनं. सांगितलं नाही. पळाले. नीच आहे मी.

२१ नोव्हेंबर

आईला सलाईन लावलंय. फोनवर नुसती हं हं करते. आणि दारात डबा — रोज डबा — रोज ऊन —

त्याच्यापुढं हात जोडले. सावित्रीबाई, खोटं मी बोलले. तुमचं पोट मी मारलं. आईला सोडा. माणूस लागत असेल तर मी आहे ना. मला घ्या.

२२ नोव्हेंबर

आज डबा नाही. तीनदा दार उघडलं —

आईचा फोन! आवाज खणखणीत. जेवली! कडू गेलं तोंडाचं! देवा —

म्हणते, एक बाई आली होती. छातीवर नावाची पट्टी. खाटेशेजारी टेकली, तोंड पुसलं, भाकरी-पिठलं भरवलं. म्हणाली, घ्या ताई, मेल्यामागं जित्यानं खावं लागतं.

आई विचारतेय, कोण गं गेलं, मिनल?

मी म्हटलं, कोणी नाही. पुन्हा म्हटलं. तिला ऐकू येईना. हॅलो, हॅलो करतेय —

कुशाबाई वर आल्या. मी टेबलापाशी बसलेय, त्या पलंगाकडं बघतायत — तोंडाला पदर लावला — खाली ओरडून सांगतायत, चूल इजवा गं — का म्हणून? कुशाबाई, मी इथं, ही काय इथं —