ओल्या ताडपत्रीखालचा कॉम्प्युटर

देवळी, मे १९७४. संध्याकाळ.

ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, म्हणून दुपारपासून इथंच अडकलो. मागे नागपूरच्या कचेरीचा कॉम्प्युटर, कपाटाएवढ्या पेट्या. सोबतचे इंजिनीअर साहेब चहाला गेले आणि आमच्या ड्रायव्हर शंकरकाकांनी ताडपत्रीवर पाणी ओतलं. रामटेकची पानं नेताना ओततो तसंच. मी क्लीनर, बादल्या मीच भरून दिल्या.

साहेब धावत आले. "पाणी कुणी टाकलं?"

"मीनं, साहेब," काका म्हणाले. "माल तापून राह्यला होता."

"विड्याची पानं आहेत का ती?"

त्यांनी एक पेटी उघडली. आत तारांची जाळी, तिच्यात मोहरीहून बारीक काळ्या कड्या ओवलेल्या. मशीनची आठवण म्हणे त्यातच राहते. बायका हातानं ओवतात म्हणे. डोळे कसे टिकत असतील त्यांचे... जाऊ दे. जाळीच्या कोपऱ्यावर एक थेंब होता. साहेबांनी श्वास रोखून रुमालानं टिपला. तो थेंब डोळ्यापुढून जात नाही. आणखी थेंब आत गेले असतील का?

"नागपूरला चालू केल्यावरच कळेल," साहेब म्हणाले. "नाही झालं, तर मालकाला तुमचं नाव सांगावं लागेल."

काकांची नोकरी जाईल. तेव्हापासून त्यांनी जेवणाचा डबाही उघडला नाही. आत्ता हळूच म्हणाले, "तुले का वाटते बे, होईन का ते चालू?"

"होईन ना, काका."

मले काय समजते त्यातलं? पण काका उठून जेवायला बसले.